गुणी म्हणू नका

रेल्वे कॉलनी, दौंड

प्रिय खंडू,

जयभीम घे. बाकी इकडे सगळे मजेत, तिकडची खुशाली कळवावी, असलं काही या पत्रात शोधू नकोस. तुझं कार्ड आलं आणि ते वाचल्यापासून माझ्या अंगाचा तिळपापड झालाय. परातीतली भाकरी अर्धी थापून तशीच ठेवली आणि लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, कारण माझा राग कार्डावर मावण्याएवढा नाही. मधेच टाकून रानात जाऊ नकोस. शेवटपर्यंत वाच.

तू लिहिलंस, "अक्का, साहेबराव लई गुणी हाय. रडनं न्हाई, किरकिर न्हाई. झोपतंय ते झोपतंयच. सोजर तळपायाला टिचक्या मारून उठवती, तवा कुठं दोन घोट पितंय आन् परत झोपतंय. तुझ्या जाईच्या वळणावर गेलंय." आणि पुढं लिहिलंस, कांदा काढायला आलाय, तेवढा उरकला की पोराला घेऊन येतो दौंडला. माझ्या जाईच्या वळणावर! हे लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही का रे? माझी जाई काय झालीय हे तुला ठाऊक नाही? का ठाऊक असून डोळ्यावर कातडं ओढून घेतलंस?

सरळच सांगते. तुझं पोरगं आजारी असेल. असेल म्हणते, कारण मी काही डॉक्टर नाही. नसलं तर माझ्या तोंडात शेण घाल, मी मुकाट खाईन. पण असलं, आणि तू कांदा उरकायची वाट बघत बसलास, तर त्याच्या डोक्याचं जे नुकसान होईल ते नंतर कोण्या गोळीनं, कोण्या देवानं, कोण्या बुवानं भरून येणार नाही. हे मला पुण्याच्या डॉक्टरीणबाईनं तोंडावर सांगितलं होतं आणि मी तुला तोंडावर सांगितलं होतं. तुझ्या हळदीच्या दिवशी. आठवतंय ना? का हळदीबरोबर तेही धुऊन टाकलंस?

तू जाईला तान्हेपणी एकदाच येऊन बघून गेलास, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. आपली आई नव्हती, म्हणून माझ्या बाळंतपणाला रतनआत्याच दौंडला येऊन राहिली. सासूही तीच आणि आईच्या जागीही तीच, तेव्हा तक्रार करायची तरी कुणापाशी? आमचं क्वार्टर लोकोशेडच्या भिंतीला लागून. दिवसभर इंजिनं वाफ सोडतात, शंटिंग चालतं, शिट्ट्या तर अशा की हातातलं भांडं खाली पडावं. कॉलनीत नवं पोर जन्मलं की बाया एकच विचारतात, शिट्टीला दचकतं का? दचकत नसलं तर ते पोर खरं रेल्वेचं. आणि माझी जाई दचकत नव्हती. इंजिन खिडकीपाशी येऊन किंचाळलं तरी तिची पापणी हलायची नाही. आत्या कडेवर घेऊन कॉलनीभर मिरवायची, आमच्या चांगदेवाची लेक बघा, फायरमनाची पोर, शिट्टी म्हंजी तिची अंगाई हाय. सगळ्या कॉलनीला कौतुक. मलाही बरं वाटायचं, नाही कशाला म्हणू.

तिला न्हाऊ घालताना आत्या तेलानं चांगली रगडायची. बाकीची पोरं त्या वेळी अख्खी चाळ डोक्यावर घेतात, ही आत्याच्या पायावर झोपून असायची. चार-चार दिवस शी करायची नाही, तर आत्या म्हणायची, नशीब काढलंस अनसे, लंगोट धुवायचं काम न्हाई. जन्मल्यावरची कावीळ महिना उलटला तरी उतरली नव्हती, तर म्हणे पोर गोरी निघणार, हळदीचा रंग हाय. हातपाय बर्फासारखे गार, तर म्हणे थंडीचे दिवस हायेत. कधी काढलाच तर आवाज घोगरा, तर म्हणे आज्यावर गेलीय. प्रत्येक गोष्टीला बाईकडं उत्तर तयार! आणि एकेका उत्तरावर शेजारच्या दहा बायांच्या माना डोलायच्या. मी म्हणायचे, आत्या, ही पीत नाही गं, दोन घोट ओढते आणि डोळे मिटते. तर मलाच म्हणायची, तुझं दूध जड असंल, तू वांगी खाऊ नको. माझी वांगी बंद झाली, पोरीची झोप काही बंद झाली नाही.

मग तिची बेंबी फुगून वर आली. आत्यानं ट्रंकेतला जुना ढब्बू पैसा काढला, बेंबीवर ठेवला आणि वरून फडकं करकचून बांधलं. पोरीच्या पोटावर वळ उठला, पण रडली का? नाही. पुढं जीभ बाहेर यायला लागली. लाळ गळायची. त्यावर आत्यानं माझी उलटतपासणी घेतली, पोटुशी असताना तुला काय खावंसं वाटलं होतं आणि मिळालं न्हाई? मला मेलीला भीमेच्या खेकड्यांचा रस्सा खावासा वाटला होता आणि तो राहून गेला होता. झालं, रोग सापडला! डोहाळा पुरवला नाही म्हणून पोर जीभ काढते. तुझे दाजी ड्युटीवरून आल्या आल्या नदीवर गेले, खेकडे आणले, आत्यानं तिखटजाळ रस्सा केला आणि बोट बुडवून पोरीच्या जिभेला लावला. खंडू, पोरीनं तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. आत्या म्हणाली, बघ, तृप्त झाली. मी बघत होते. तान्ह्या जिभेला मिरची लागते आणि पोर हूं की चूं करत नाही, आणि सगळं घर त्याला तृप्ती म्हणतंय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! बाबासाहेबांच्या मागं जाऊन आपण देव्हारे नदीत सोडले म्हणतो, पण सटवाई आणि ढब्बू पैसा तेवढा ट्रंकेत जपून ठेवला.

मी डॉक्टरला दाखवलं नाही असं नाही. आत्याला बाजाराला जाते सांगून पेठेतल्या एका डॉक्टरकडं गेले. त्यानं नाडी बघितली, छाती तपासली आणि हसायला लागला. म्हणाला, बाई, लोक पोर झोपत नाही म्हणून येतात, तुम्ही झोपतं म्हणून आलात? घुटीतलं जायफळ बंद करा, होईल ठीक. जाताना लाल टॉनिक दिलं. मी घरी येऊन जायफळ बंद करायला सांगितलं, तर आत्यानं दोन दिवस अन्न सोडलं. म्हणे मी माझ्या नातीला गुंगी देते व्हय? जायफळ बंद झालं, टॉनिक संपलं, पोर झोपलेलीच. आणि मी सगळ्यांच्या लेखी कजाग ठरले. सुखासुखी झोपलेल्या पोरीच्या तळपायाला टिचक्या मारणारी बया! कॉलनीतल्या शहाण्यासुरत्या बाया मला समजवायला यायच्या, बाई गं, देवानं चांगलं दिलंय तर घ्यावं, नजर लावू नये.

मग तो मे महिन्यातला रेल्वेचा संप झाला. तुझ्या दाजींना आणि शेडमधल्या निम्म्या माणसांना पोलिसांनी उचलून नेलं. गाड्या बंद, शेडमधली इंजिनं गार पडली, एक शिट्टी नाही, एक धक्का नाही. दौंड असं चिडीचूप मी कधी बघितलं नव्हतं. आणि तेव्हा एक झालं, ते नीट वाच. कॉलनीतली सगळी तान्ही पोरं झोपेनाशी झाली. शिट्ट्यांची सवय लागलेली, त्या बंद झाल्या तर पोरं दिवसभर किरकिरायची, बाया वैतागून पत्र्याचे डबे बडवायच्या, कुणी शिट्टीची नक्कल करायचं. हसू यायचं आणि रडूही यायचं. घराघरांतून पोरांचा गिल्ला. आणि माझी जाई? तशीच. गोंगाटात जशी झोपलेली, तशीच शांततेत झोपलेली. तिला कशानंच काही होत नव्हतं. मी तिच्या कानाशी ताट वाजवलं, तर अंग जरासं शहारलं, म्हणजे बहिरी नव्हती. ऐकत होती, पण जागं व्हायची ताकदच तिच्यात नव्हती. शिट्टीला न उठणं हा गुण असता, तर शिट्टी गेल्यावर बाकीच्या पोरांसारखं हिलाही काही झालं असतं. हा गुण नाही, हा रोग आहे. कुणी शिकवलं नाही मला. बाकीची पोरं रडत होती म्हणून कळलं.

आत्याला सांगितलं, मी पुण्याला चालले. तिनं घर डोक्यावर घेतलं. नवरा तुरुंगात आन् तू पोर घेऊन पुणं बघाया निघालीस? लोक काय म्हणतील? लोकांना म्हणावं चुलीत जा. संप मिटला आणि गाड्या सुरू झाल्या तशी मी पहिल्या पॅसेंजरनं निघाले. पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात माणसांचा महापूर. माझा नंबर लागला तेव्हा एक डॉक्टरीणबाई होती, कपाळावर आठ्या, आवाज कडक. तिनं विचारलं, रडते का? मी सवयीनं बोलून गेले, नाही हो, गुणी आहे. तर ती माझ्या अंगावर ओरडली. म्हणाली, गुणी म्हणू नका! तान्हं मूल भूक लागली की उठलं पाहिजे, रडलं पाहिजे, ओढून प्यायलं पाहिजे. उठवून पाजावं लागत असेल तर त्याला काहीतरी होतंय असं समजायचं आणि दवाखाना गाठायचा. एवढे दिवस कुठं होतात? मला राग आला नाही, खंडू. बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पोरीसाठी चिडलं होतं.

तिनं जाईची जीभ बघितली, बेंबी बघितली, कातडी चिमटीत धरून बघितली, डोक्याची टाळू चाचपली, शी कधी होते ते विचारलं. गुडघ्याच्या हाडांचा फोटो काढला, रक्त घेतलं. मग सांगितलं, गळ्यापाशी एक ग्रंथी असते, तिचा रस अंगात फिरतो, त्याच्यावर पोराचं अंग वाढतं आणि मेंदू वाढतो. हिच्या अंगात तो रसच पुरेसा तयार होत नाही. म्हणून झोपते, म्हणून गार लागते, म्हणून जीभ बाहेर. रोज एक छोटी गोळी, जन्मभर. एवढंच औषध. मी म्हटलं, एवढंच? मग बरी होईल? तेव्हा ती बाई म्हणाली, अंग वाढेल, झोप कमी होईल, हसेल, चालेल. पण पहिल्या दिवसांत मेंदूचं जे राहिलं ते सगळं परत येईल असं मी सांगू शकत नाही. जन्मल्यावर लगेच आणली असती तर ही बहुतेक चारचौघींसारखी झाली असती. मग तिनं विचारलं, नवरा नात्यातला का? मी म्हटलं, आतेभाऊ. तर म्हणाली, मग नीट ऐका, हा रोग कधीकधी घरातून येतो. तुम्हाला पुढं मूल झालं, किंवा तुमच्या याच दोन घरांत आणखी कुणाला झालं, तर ते झोपतंय की रडतंय हे बघत बसू नका. जन्मल्याबरोबर घेऊन या. एक दिवस वाया घालवू नका.

गोळी दुधात चुरून द्यायला लागले. काही आठवडे गेले आणि एका दुपारी, मी नळावर पाणी भरत होते, घरातून असा टाहो ऐकू आला की कळशी हातातून सुटली. जाई भुकेनं रडत होती! स्वतःहून उठून, लालबुंद होऊन, मुठी आवळून. शेजारीण धावत आली, काय चावलं गं पोरीला? मी तिच्या तळहातावर साखर ठेवली. साऱ्या चाळीला साखर वाटली त्या दिवशी, पोर रडली म्हणून. त्यांना वाटलं, नवरा तुरुंगात गेल्यापासून अनसाचं डोकं फिरलंय.

आता ती तीन वर्षांची होऊन गेली. उशिरा बसली, उशिरा चालली. आई म्हणते, पाणी म्हणते, इंजिनाला कू म्हणते. तिच्याबरोबरीच्या पोरी गाणी म्हणतात, भांडतात, एकमेकींच्या झिंज्या उपटतात, आणि ही कडेला उभी राहून हसते. मला तिची लाज नाही. माझी पोर लाख मोलाची आहे, आणि अजून शिकेल, मी शिकवीन. पण तिच्यातलं जे गेलं ते कुणी चोरलं नाही, कुणी मारलं नाही, खंडू. ते कौतुकानं गेलं. गुणी गं बाई, गुणी गं बाई म्हणत सगळ्यांनी मिळून ते घालवलं. तूही त्या एका भेटीत म्हणाला होतास, अक्का, पोर लई शहाणी हाय तुझी. तीच पोर आता तुमच्या सगळ्यांच्या तोंडी येडी झाली. झोपली होती तोवर शहाणी, आणि जागी झाली तर येडी! वा रे तुमचा न्याय!

आत्याची सोजर तुला करायचं ठरलं, तेव्हा मी काय बोंब मारली होती? मला तिच्यात खोट काढायची नव्हती. सोजर माझी नणंद आहे, पण पाठच्या बहिणीसारखी आहे. मी एवढंच म्हटलं, डॉक्टरीणबाई असं म्हणाल्या, आधी विचार करा. तर आत्या भर मांडवात हात नाचवून म्हणाली, हिच्या पोटी येडी निघाली म्हणून माझ्या लेकीचं वाटोळं करायला निघालीय. आप्पा, आपला बाप असून, खाली मान घालून बसले. तू नंतर मला बाजूला घेऊन म्हणालास, अक्का, रागावू नको, पोर झालं की पयल्यांदा तुला कळवीन, तू म्हणशील त्या डॉक्टरला दाखवीन. आईची शपथ घेतलीस. मेलेल्या आईची! मी विश्वास ठेवला, कारण लहानपणी तू खोटं बोलायला लागलास की तुझे कान लाल व्हायचे, आणि त्या दिवशी ते लाल झाले नव्हते.

पोर झालं आणि तू कळवलं नाहीस. बारसं झालं आणि तू कळवलं नाहीस. भाच्याच्या कानात नाव सांगायचा मान कुणाचा? आत्याचा. म्हणजे माझा. दुसऱ्या कुणाचा नाही. आता कार्डात लिहितोस, जागा कमी म्हणून कुणालाच बोलावलं नव्हतं. तुमच्या न्हावऱ्याची गिताबाई दौंडच्या बाजारात मेथी विकायला बसते, तिनं सांगितलं मला बुंदीची किती पातेली उतरली ते. हेही सांगितलं की सोजरच्या बाळंतपणाला तुमच्याकडं येऊन राहिलेली रतनआत्या म्हणाली, अनसी आली तर ती पोरगी कडेवर घेऊन येणार, तिची सावली नको तान्ह्यावर. शेजारणीला आत्या करून नाव ठेवलं तुम्ही. माझी पोर म्हणजे सावली! आत्याची सख्खी नात, तुझी सख्खी भाची! मी त्या दिवशी भाजीची पिशवी तिथंच टाकून घरी आले आणि ठरवलं, या माणसांचं तोंड पुन्हा बघायचं नाही. मानपान गेला खड्ड्यात, पण बारशाला बोलावलं असतंस ना, तर मी पोराला मांडीवर घेतल्या घेतल्या ओळखलं असतं. मी तुला तिथंच सांगितलं असतं. माझ्या पोरीच्या सावलीला भिऊन तुम्ही त्याला दवाखान्यापासून लांब ठेवलंत, हे तुझ्या डोक्यात शिरतंय का?

गिताबाईनं आणखी एक सांगितलं. म्हणाली, सोजर बाळाला मांडीवर घेऊन तळपाय चोळत बसती आन् डोळ्याला पदर लावती. आई तिच्यावर खेकसती, गुणी पोराला उठवतीस कशाला म्हणून. म्हणजे सोजरला कळलंय. आईला कळतंच. पण ती कुणाला सांगणार? आईला सांगितलं तर शिव्या, नवऱ्याला सांगितलं तर नवरा म्हणतो, कांदा उरकू दे. मी जिथं होते तिथंच आज ती आहे. मला तर तेव्हा कुणी सांगणारंही नव्हतं. तिला नणंद आहे, मी जिवंत आहे अजून.

आता ऊठ. पत्र हातात घेऊनच पाळण्यापाशी जा. त्याच्या पावलाला हात लाव, दुपारच्या उन्हातसुद्धा गार लागतंय का बघ. ओठांतून जीभ बाहेर दिसते का बघ. बेंबी बघ, आणि तिच्यावर आत्यानं काही बांधलं असेल तर आधी सोड. डोळ्याच्या पांढऱ्यात पिवळं राहिलंय का बघ. सोजरला विचार, शेवटची शी कधी झाली, आणि तिला खरं बोलू दे, मधे आत्याला बोलू देऊ नकोस. पोर रडलं तर आवाज कसा येतो ते ऐक. यातलं काहीच नसलं तरी त्याला नेलंच पाहिजे, कारण जाईला हे झालंय आणि रक्त एकच आहे. असलं तर मग विचारायलाच नको. आणि माझ्याकडच्या जाईच्या गोळ्या मागू नकोस. एवढ्याशा पोराला किती द्यायची ते रक्त तपासून डॉक्टरनं ठरवायचं असतं, अंदाजानं नाही. आत्या म्हणेल, चांगल्या पोराला सुया टोचता. आप्पा म्हणतील, अमावस्या होऊ दे. तू म्हणशील, कांदा भिजंल. भिजू दे. कांदा पुढच्या साली परत येतो.

आता हे शेवटचं नीट वाच. हे नुसतं तुझ्या कार्डाला उत्तर नाही, आणि हे पत्र पोस्टमननंही आणलेलं नाही. तुझ्या दाजींनी तुझ्या हातात दिलंय आणि तू वाचेस्तोवर ते तुझ्यापुढं उभे आहेत. त्यांना पाणी विचार, चहाला बसवू नकोस, वेळ नाही. मी न्हावऱ्याच्या स्टँडवर बसून या ओळी लिहितेय, शेजारी जाई आहे. सकाळच्या गाडीनं दौंडहून आलो. घरी आले नाही, कारण मला बोलावणं नाही, आणि आले असते तर आत्या दारात आडवी झाली असती, मी ओरडले असते, तू नेहमीसारखा पायात चपला सरकवून रानात निघून गेला असतास, आणि पोरगं तसंच झोपलेलं राहिलं असतं. म्हणून लिहून पाठवलं. सोजरला आणि साहेबरावला अंगावरच्या कपड्यांनिशी दाजींबरोबर पाठव, नाहीतर तू स्वतः घेऊन ये. इथून शिरूर, शिरूरहून पुण्याची गाडी. दवाखान्यात कुठं जायचं, कुणाला भेटायचं, मला सगळं ठाऊक आहे. शिरूरची गाडी आता येईल. ती चुकली तर मी पुढच्या गाडीपर्यंत थांबेन. तीही चुकली तर मी जाईला कडेवर घेऊन तुझ्या घरात येईन आणि पाळण्यातून पोरगं स्वतः उचलीन. मग आत्यानं माझ्या झिंज्या धरल्या, तू हात उगारलास, अख्खं न्हावरं बघायला जमलं, तरी मी त्याला खाली ठेवणार नाही. तो पुण्याला जाणार. तुझ्याबरोबर की तुझ्याशिवाय, एवढंच तू ठरवायचंस.

तुझीच,
अनसाअक्का